फक्त की-बोर्ड बदला म्हटलं होतं

चार बटणं अडत होती, तेवढंच काम. पावतीवरही ‘की-बोर्ड’ एवढंच लिहिलेलं आहे. लॅपटॉप हातात देताना दुकानदार खुशीत म्हणाला, “विंडोज बहोत स्लो थी जी, नई डाल दी. डी ड्राइव्ह भी बना दी.”

माझ्या लॅपटॉपला डी ड्राइव्ह नव्हतीच. त्या जागी उबुंटू लिनक्स होतं. सेक्टर ३९ मध्ये इमटेक ही संशोधन संस्था आहे, म्हणून मी चंडीगडात. जनुकक्रमांचं आमचं बहुतेक काम लिनक्सवर चालतं आणि विंडोज उरतं फॉर्म, प्रेझेंटेशन नि एका यंत्राच्या हट्टी सॉफ्टवेअरपुरतं. “उसमें लिनक्स था,” मी म्हटलं. “ना जी, खाली पई सी. फॉर्मेट मार दित्ता.” वर हेही ऐकवलं, की फॉर्मेटचे पैसे वेगळे लावलेले नाहीत!

ती जागा रिकामी नव्हती. लिनक्सची ईएक्सटी४ ही मांडणी विंडोजला वाचता येत नाही; तो भाग नाव नसलेला दिसतो आणि त्याला ड्राइव्हचं अक्षर दिलं, की फॉर्मेट करायचं का, असं विचारलं जातं. दुकान चालवणाऱ्याला एवढं ठाऊक नको? निदान फोन तरी करायचा.

लिनक्सचा मेनू नुसता गायब झाला असेल, तर घाबरू नका. विंडोज नव्यानं टाकलं की बूटचा क्रम बदलतो, माल बहुधा जागेवरच असतो. बायोसमध्ये उबुंटूला वर आणा, नाहीतर लाइव्ह पेनड्राइव्हवरून तो मेनू दाखवणारं ग्रब पुन्हा बसवा. फॉर्मेटचं प्रकरण वेगळं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर टेस्टडिस्क, फोटोरेक ही साधनं काहीतरी उकरून काढतात. एसएसडीवर मात्र फॉर्मेट करतानाच विंडोज ट्रिमची आज्ञा पाठवतं आणि मागे सहसा काही उरत नाही. मला शून्य मिळालं.

दुरुस्तीला देताना एसएसडी काढून घ्या, एम.२ असेल तर मागचं झाकण उघडल्यावर बहुधा एका स्क्रूचं काम. दुकानदार “चेक कैसे करें” म्हणेल, म्हणू दे. सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ आकडी की कागदावर उतरवा. विंडोज नि लिनक्स एकत्र नांदत असतील, तर फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. घड्याळ साडेपाच तासांनी चुकलं तर ते बिघडलेलं नसतं, दोन सिस्टिमचा वेळेवरून वाद असतो. बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात; माझाही होता, पण महिनाभर जुना.

आणि लिनक्स अधूनमधूनच लागत असेल तर डिस्कची वाटणी करूच नका. विंडोजमधलं डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअलबॉक्स पुरेल. त्यात निदान ‘खाली’ दिसणारी जागा तरी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.