उसाचं बिल आणि देशाची वाढ

उसाचं बिल जमा झालं की कराड-विट्याच्या पेठेत गर्दी होते. देशाच्या एकूण उत्पन्नात असा घरखर्च निम्म्याहून जास्त आहे. आपला खर्च ती दुकानदाराची मिळकत, त्यातूनच हमालाची मजुरी. पण नुसता पैसा असून भागत नाही, पुढचा भरवसा लागतो. 2020 च्या टाळेबंदीत एप्रिल ते जून देशाचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा सुमारे 24 टक्क्यांनी घटलं. दुकानं उघडल्यावरही लोकांनी हात आखडताच ठेवला. आपला भरवसा बिलाच्या तारखेवर! 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज. लांबलेलं बिल सोसायटीत नि उधारीतच जिरतं. पेठेपर्यंत पोचणार काय?