इपॉक्सीवर रंग चढवण्याआधी

उरणजवळच्या करंजाला बोटी रंगवायला सवड मिळते ती नेमकी सगळ्यात वाईट हवेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बोटी काठाला लागतात, शाकारल्या जातात, आणि डागडुजीची कामं त्याच सुमारास निघतात. मे महिन्यात खाडीवरून खारट, दमट वारा आणि जूनपासून पाऊस. ऑइलपेंट ही हवा थोडीफार खपवून घेतो, इपॉक्सी घेत नाही. मी उरण तालुक्यात बोटी, टाक्या आणि फायबरची कामं रंगवतो. दुसऱ्याचं बिघडलेलं काम खरवडून नव्याने करायला मला बोलावतात, त्यातलं बरंचसं इपॉक्सीवरच्या रंगाचं असतं. नाखवांचे, म्हणजे बोटमालकांचे, पैसे आणि हंगाम दोन्ही त्यात जातात, म्हणून हे लिहितो आहे.

एका बोटीचं सांगतो. लाकडी बोट, वरून फायबर चढवलेलं. नाळेजवळ फायबर सुटलं होतं, म्हणून एका ठेकेदाराने तेवढा भाग साफ करून इपॉक्सीने नवं कापड बसवलं. ते काम चांगलं होतं, कापडाखाली हवेचा बुडबुडा कुठे नव्हता. पण मे संपत आलेला, पाऊस कधीही येईल अशी धास्ती. दुसऱ्या दिवशी सकाळी इपॉक्सी हाताला कडक लागली, तिच्यावर थिनरचं फडकं फिरवलं आणि निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. बाकीच्या बोटीवरचा रंग रात्रीतून वाळला. त्या ठिगळावरचा कितीतरी दिवस चिकटच. नाखवांना वाटलं डबा खराब लागला. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली आणि तेवढाच भाग सुटायला लागला; नख घातलं की हातभर पट्टी निघायची. “रंग धरतच नाय,” एवढंच ते म्हणत होते. मी एक पापुद्रा उलटा करून पाहिला. आतली बाजू मेण चोळल्यासारखी गुळगुळीत होती.

ते मेण कुठून येतं हे कळलं की पुढचं सगळं समजतं. घरातली दोन ट्यूबवाली ॲराल्डाइट म्हणजे इपॉक्सीच: एकीत राळ, दुसरीत हार्डनर. बहुतेक हार्डनरमध्ये अमाईन नावाची रसायनं असतात. गार किंवा दमट हवेत इपॉक्सी हळूहळू कडक होत असताना पृष्ठभागावरचं अमाईन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड धरतं आणि वर पातळ, मेणचट थर येतो. कधी तो पांढुरका दिसतो, कधी अजिबात दिसत नाही, फक्त बोटाला तेलकट लागतो. थिनरने किंवा ॲसिटोनने तो जात नाही, पसरतो. जातो तो साध्या पाण्याने. शिवाय इपॉक्सी नीट मुरलेली नसेल तर उरलेलं अमाईन ऑइलपेंटमधल्या वाळवणाऱ्या द्रव्याच्या आड येतं, म्हणून रंग चिकट राहतो. त्या बोटीवर दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. डब्याचा काही दोष नव्हता.

तेव्हा क्रम असा: आधी गोडं पाणी आणि भांडी घासायची खरखरीत घासणी. घासायचं, आणि पाणी सुकायच्या आत स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायचं. सुकू दिलं तर विरघळलेलं मेण परत तिथेच बसतं. पॉलिश पेपर त्यानंतर. आधी पेपर मारणारे ते मेण ओरखड्यांत दाबून बसवतात आणि पेपरही पटकन भरतो. पाणी खाडीचं कधीही नको. करंजा, मोरा, पिरवाडी, कुठेही उघड्यावर ठेवलेल्या पृष्ठभागावर रात्रीतून मिठाची झाक बसते. रंगाखाली अडकलेलं मीठ बाहेरचं पाणी रंगाच्या थरातून आत ओढून घेतं आणि फोड येतात. म्हणून काल घासून ठेवलेलं काम आज रंगवायचं असेल तर परत धुवायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

पृष्ठभाग खरंच स्वच्छ झाला का, याची परीक्षा फुकट आहे. त्याच्यावर तांब्याभर पाणी सोडा. पाणी एकसंध पडद्यासारखं पसरून उतरलं तर ठीक. थेंब वळले, मधे कोरडी बेटं उरली, तर तिथे अजून मेण किंवा तेल आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी ब्रशच्या आधी हे शिकवतो.

कडक झालेली इपॉक्सी काचेसारखी असते, रंगाला धरायला जागा द्यावी लागते. खडबडीत कापड समतल करायला ८० नंबर, प्रायमरच्या आधी १२० ते १८०, शेवटच्या रंगाच्या आधी ३२०. चकाकी सगळीकडून गेली पाहिजे, कोपऱ्यातही. इपॉक्सीवर इपॉक्सीचाच पुढचा हात द्यायचा असेल तर मात्र खालचा किंचित चिकट असतानाच द्यावा. दोन्ही आतून जोडले जातात, घासायचं वाचतं. ती मुदत डब्यासोबतच्या कागदावर असते, बहुधा २५ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ३५ अंश असतात, तेव्हा ती साधारण निम्मी धरा.

हवेचा नियम: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी, आणि ज्याला रंग द्यायचा तो पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. आर्द्रतामापक फार महाग नसतो, एक घेऊन ठेवावा. मी ऊन चढून दव पुरतं सुकल्यावर सुरू करतो आणि तिसऱ्या प्रहरानंतर डबा उघडत नाही, कारण संध्याकाळचा गारवा ओल्या हातावर बसतो. जुलैत ताडपत्रीखाली इपॉक्सीचं काम सांगायला आलेल्यांना मी नाही म्हणतो. आत वाफ कोंडते, ताडपत्रीला घाम येतो. जमेल तेवढं इपॉक्सीचं काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावं.

इथल्या कामगारांना एक सवय फार नडते. आपल्याकडचं नेहमीचं फायबर हे पॉलिएस्टर राळेचं. त्यात कॅटॅलिस्ट टाकतात, शंभरात एक-दोन भाग, आणि घाई असली की थोडा वाढवतात. तोच हात इपॉक्सीवर चालवतात, म्हणजे पाऊस दिसला की हार्डनर जास्त. इपॉक्सीचा हार्डनर मात्र राळेला स्वतः जोडला जातो, तो प्रक्रियेतला अर्धा भागीदार आहे. जास्त टाकलेला हार्डनर शिल्लक राहतो, काम मऊ पडतं आणि मेणचटपणा वाढतो. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं हे नीट वाचावं, दोन्ही आकडे वेगळे असतात. मी वजनकाटाच वापरतो. लवकर कडक व्हायला हवं असेल तर जलद हार्डनर वेगळा मिळतो. आणि इपॉक्सीच्या ठिगळावर पॉलिएस्टरचं जेलकोट मारू नये. ते नीट कडक होत नाही, धरतही नाही.

वरचा रंग कुठला? इपॉक्सी उन्हात उघडी राहू शकत नाही. पिवळी पडते, मग खडूसारखी भुकटी सुटते. म्हणून तिच्यावर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन), हार्डनर ॲलिफॅटिक जातीचा. महाग पडतो, पण ऑइलपेंट दर हंगामाला मारण्यापेक्षा मला हाच हिशेब पटतो. पाण्याखाली सतत राहणाऱ्या भागाला मात्र नेहमीचा पीयू चालत नाही. तिथे इपॉक्सीचे जाड हात आणि वर शेवाळ-शिंपले रोखणारा रंग; त्याचा पहिला हात शेवटची इपॉक्सी अंगठ्याचा ठसा उमटेल इतपत चिकट असताना द्यावा. जुना साठा म्हणून कोणी टिनयुक्त रंग देऊ केला तर घेऊ नका. शिंपले-कालवांवर त्याचा इतका वाईट परिणाम दिसला की २००८पासून आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांवर त्याला बंदी आहे, आणि आपल्या खाडीतून लोक तीच कालवं काढून खातात.

गडद रंगाचा मोह आपल्या बोटींना जुना आहे, मलाही तो निळा आवडतो. पण साध्या हवेत कडक होणारी बरीच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि मे महिन्याच्या उन्हात गडद निळा पृष्ठभाग त्याच्या पुढे जातो. मग खालच्या कापडाची वीण वर उमटते. डेकवर आणि मोठ्या सपाट भागावर फिके रंग द्या, निळा-लाल पट्ट्यांपुरता ठेवा.

उरणमध्ये आता घरोघरी मुली राळेचे ट्रे, घड्याळं, नावाच्या पाट्या करतात, त्या विचारायला येतात. राळेतच रंग मिसळायचा तर इपॉक्सीसाठी बनवलेली रंगपेस्ट घ्यावी, वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत. पोस्टर कलरमधलं पाणी राळ बिघडवतं. रंग आधी राळेत घोटावा, मग हार्डनर. आणि तयार ट्रे शोभेपुरताच ठेवावा. त्यात गरम जेवण वाढू नये.

आता अंगाचं. नायट्राईल हातमोजे घातल्याशिवाय राळेला हात लावू नका. तिची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. चांगले कारागीर हा धंदा सोडून गेलेले मी पाहिले आहेत. हाताला लागलेली राळ थिनरने काढू नये, साबणपाणी वापरावं. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होतो. तोंडाला बांधलेलं फडकं त्याला अडवत नाही, बाष्पासाठीचे कार्ट्रिज असलेला मुखवटा लागतो. स्प्रे मारणाऱ्याला तर बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटाच हवा. घासताना पाणी मारत घासावं, म्हणजे धूळ उडत नाही. आणि इंजिनाच्या खणात किंवा बोटीच्या पोटात रंग द्यायचा असेल तर पंखा लावून हवा बाहेर ओढा, आणि आत उतरलेल्याच्या हाकेला ओ देणारा एक माणूस वर उभा करा.