पाच दिवसांची पारख

मालाची पारख ही आपल्या व्यापाराची पहिली विद्या होय. पोत्याचे तोंड पाहून जाणता व्यापारी सौदा करीत नाही. वरचा, मधला व तळाचा दाणा निरनिराळा काढतो, आणि तिन्ही मिळते आले तरच भाव बोलतो. माणसाची पारख याच रीतीने करणारी एक संस्था म्हणजे सैन्यदलांतील अधिकारी निवडणारे सेवा निवड मंडळ होय. आपल्या घरांतील मुलेही आता या वाटेने जातात, आणि २०२१ सालापासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेस मुलींनाही बसता येते. म्हणून या परीक्षेचे स्वरूप वडीलधाऱ्यांस ठाऊक असणे इष्ट आहे.

प्रबोधिनीची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते व मंडळाची कसोटीही ९०० गुणांचीच असते. आमच्या नात्यातील एक मुलगा लेखी परीक्षा उतरून इंदुराहून भोपाळच्या मंडळापुढे गेला होता. तेथे उमेदवाराचे नाव मागे पडते. छातीवर लावलेला क्रमांक हीच त्याची ओळख. पहिल्या दिवशी बुद्धिमापन होते. मग एक अंधुक चित्र ३० सेकंद दाखवून ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहावयास सांगतात व तीवर चर्चा घडवितात. जे यात उतरत नाहीत त्यांस त्याच दिवशी निरोप मिळतो.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञांची कसोटी असते. ६० शब्द एकामागून एक दाखवितात. प्रत्येकास अवघे १५ सेकंद. पाठ केलेली उत्तरे आठवण्यास तेथे सवड नसते. पुढील दोन दिवस मैदानावर फळ्या, दोर व ओंडके देऊन गटाने अडथळे पार करावयाचे असतात. त्यांतच केव्हातरी एका अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष मुलाखत होते.

या पद्धतीचे मर्म असे की, मानसशास्त्रज्ञ, मैदानावरील अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवितात. एक मन पाहतो, दुसरा कृती पाहतो, तिसरा वाणी ऐकतो. पाचव्या दिवशी सर्वजण एकत्र बसतात, प्रत्येक उमेदवारास क्षणभर समोर बोलावतात व निर्णय देतात. मुलाखतीत धैर्याच्या गोष्टी सांगणारा उमेदवार मैदानावर मागे राहिला असेल, तर ती विसंगती येथे उघडी पडते.

आमचा मुलगा निवडला गेला नाही. मंडळ कारण सांगत नाही, आणि हेच त्यास अधिक जड गेले. त्यातच पेढीवर येणारा-जाणारा "काय चुकले?" म्हणून पुसू लागला. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यास कोणी दिलेच नाही, तोच प्रश्न आम्ही वडीलमंडळी त्यास रोज विचारीत होतो!

सुज्ञ वाचकांनी येथे आपल्याच धंद्याकडे पाहावे. रव्यासाठी माळव्यातला कठीण गहू लागतो, पोळीस लोकवन वा शरबती लागतो. रव्याच्या गिरणीने शरबती परत पाठविला म्हणून तो हिणकस ठरतो काय? १९५८ साली डेहराडून येथे वायुदलाच्या निवडीसाठी २५ उमेदवार होते व जागा ८ होत्या. नवव्या क्रमांकावर राहिलेल्या तरुणास परत फिरावे लागले. ते डॉ. अब्दुल कलाम होत. पुढे ते क्षेपणास्त्रांचे शिल्पकार झाले व २००२ साली राष्ट्रपतिपदी आरूढ झाले.

वय शिल्लक असेल तर उमेदवारास पुन्हा प्रयत्न करता येतो. असा मुलगा घरी परतला म्हणजे त्यास उलटतपासणीस उभे करू नये. पाच दिवसांत काय पाहिले, कोणते सोबती भेटले, हे त्याच्याकडून ऐकून घ्यावे, आणि पुढील वाट त्याची त्यास ठरवू द्यावी, एवढीच आमची नम्र सूचना आहे.