मातीचा ऋणभार आणि पिकाचे अन्न

ज्वारी किंवा मका या पिकांसाठी खतांची शिफारस वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. स्फुरद आणि पालाश ही द्रव्ये पेरणीच्या वेळीच पूर्ण द्यावयाची असतात. नत्र मात्र काही पेरताना आणि उरलेले नंतर. तिन्ही द्रव्ये पिकाला आवश्यकच; मग नत्रालाच हप्ते का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला विद्युत्शास्त्राच्या धड्यात सापडते.

१८५० सालचा शोध

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या थॉम्प्सन या शेतकऱ्याने मातीच्या थरावर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले आणि खाली झिरपलेले पाणी तपासले. अमोनियम मातीतच अडकले होते आणि पाण्यात आले होते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. रसायनशास्त्रज्ञ वे यांनी असे अनेक प्रयोग केले. दोघांचे निष्कर्ष १८५० साली प्रसिद्ध झाले. माती जेवढे अमोनियम घेते, तेवढ्याच तुल्य प्रमाणात कॅल्शियम सोडते, असे आढळले. नायट्रेट आणि क्लोराइड यांना मात्र ती अडवीत नाही.

माती अशी निवड कशी करते?

चिकणमातीचा कण म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अतिशय पातळ थरांची चवड. स्फटिक तयार होत असताना काही ठिकाणी चार धनभारांच्या सिलिकॉनच्या जागी तीन धनभारांचे ॲल्युमिनियम बसते. काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी दोन धनभारांचे मॅग्नेशियम बसते. अशा प्रत्येक जागी एक धनभार कमी पडतो, म्हणजेच कणावर एक ऋणभार शिल्लक राहतो. विजातीय भार एकमेकांस आकर्षितात. म्हणून कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम हे धन आयन कणांना चिकटून राहतात. मुळे हायड्रोजनचे धन आयन बाहेर सोडतात आणि त्यांच्या बदल्यात हे अन्न उचलतात.

हा भार किती असतो? चांगल्या काळ्या मातीच्या १ किलोत सुमारे अर्धा मोल ऋणभार असतो. १ मोल म्हणजे सुमारे ९६,५०० कूलंब. तेव्हा १ किलो मातीत ४८,००० कूलंबांहून अधिक भार झाला! आकाशातून पडणाऱ्या विजेच्या एका सामान्य लोळात साधारण १५ ते २० कूलंब असतात. तरीही ढेकूळ हातात घेतल्यास आपल्याला धक्का बसत नाही, कारण चिकटलेले धन आयन हा भार तंतोतंत तोलून धरतात.

काळी माती आणि कोकणची माती

दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या १ ग्रॅमचे आतले-बाहेरचे पृष्ठफळ ६०० ते ८०० चौरस मीटर भरते, म्हणजे कबड्डीची सुमारे पाच मैदाने! कोकणच्या मुसळधार पावसात धुपलेल्या जांभ्या मातीत मुख्यतः केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडे असतात. तेथे ऋणभार फार थोडा. अशा मातीला शेणखत व पालापाचोळा यांचा मोठा आधार, कारण त्यांपासून बनणाऱ्या ह्यूमसवर पुष्कळ ऋणभार असतो.

नत्र कोठे जाते?

युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. मातीत काही दिवसांतच युरियाचे अमोनियम होते. हा धन आयन. माती त्याला धरते. परंतु पुढील काही आठवड्यांत मातीतील जीवाणू त्याचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट ऋण आयन आहे. ते पाण्याबरोबर वाहते आणि मुळांनी वेळेवर उचलले नाही, तर खाली निघून जाते. म्हणून नत्राला हप्ते! (फॉस्फेटही ऋण आयनच, पण ते लोह, ॲल्युमिनियम व कॅल्शियम यांच्याशी संयोग पावून जागीच खिळून राहते.)

खाली गेलेले नायट्रेट शेवटी विहिरीत उतरते. पिण्याच्या १ लिटर पाण्यात ते ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. अधिक नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे वाया गेलेल्या खतात शेतकऱ्याचे पैसेही जातात आणि गावाचे पाणीही बिघडते.

यावरील उपायही याच तत्त्वावर आहेत. निंबोळीच्या तेलाचा लेप जीवाणूंचे काम मंदावतो व अमोनियम अधिक काळ टिकते. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला असा लेप सक्तीचा आहे. कोकणात भाताच्या चार चुडांमध्ये खताची गोळी चिखलात खोल खोवतात. तेथे हवा पोहोचत नाही, त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होत नाही.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांचे तळ कापा, तोंडात कापसाचे बोळे बसवा आणि बाटल्या उलट्या टांगा. वाळलेली काळी माती चाळून तीत निम्मी धुतलेली वाळू मिसळा. नुसती काळी माती फुगून पाणी अडविते. दोन्हींत हे मिश्रण सारखेच भरा आणि साध्या पाण्याने भिजवा. आता एकीत मेथिलीन ब्ल्यूचे अगदी फिके द्रावण ओता व दुसरीत इओसीनचे. शाळेच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत हे रंग मिळतील. निळ्या रंगाचा आयन धन आहे, तांबड्या इओसीनचा ऋण. कोणता रंग खाली उतरतो? यांपैकी अमोनियमसारखा कोणता आणि नायट्रेटसारखा कोणता? मग नुसती वाळू घेऊन पुन्हा पाहा आणि फरक वहीत नोंदवा.