नव्या धर्तीची रसायनशास्त्राची परीक्षा



बारावीच्या विज्ञान शाखेंत पाऊल ठेवलेल्या पुष्कळ मुलांस गणिताइतकीच धास्ती रसायनशास्त्राची वाटते. ही धास्ती विषयाच्या काठिण्यापेक्षां अभ्यासाच्या चुकीच्या रीतींतून उत्पन्न होते, असें आमचें मत आहे. म्हणून या परीक्षेचें नवें स्वरूप काय आहे व त्यास अनुरूप तयारी कशी करावी, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

आपला यवतमाळ जिल्हा राज्य शिक्षण मंडळाच्या अमरावती विभागांत मोडतो. बालभारतीनें २०२० सालीं बारावीचें नवें पुस्तक काढलें, आणि त्याबरोबर प्रश्नपत्रिकेचीही नवी रचना झाली. २०२१ ची परीक्षा महामारीमुळें रद्द झाली. २०२२ ची कमी केलेल्या अभ्यासक्रमावर घेण्यांत आली. संपूर्ण पुस्तकावर २०२३ सालीं प्रथम परीक्षा झाली. या पुस्तकांत १६ प्रकरणें आहेत.

लेखी परीक्षा ७० गुणांची व तीन तासांची, आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचें. लेखी परीक्षेंत पर्यायांतून उत्तर निवडण्याचे १० गुण, व एका वाक्यांत उत्तर देण्याचे ८ गुण. पुढें दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकीं ८, तीन गुणांच्या १२ पैकीं ८, आणि चार गुणांच्या ५ पैकीं ३ प्रश्न सोडवावयाचे. बेरीज करून पाहा. छापलेले प्रश्न ९८ गुणांचे आहेत व सोडवावयाचे ७० गुणांचे. हा २८ गुणांचा विकल्प पाहून कित्येक विद्यार्थी चार-पांच प्रकरणें सोडूनच देतात. परंतु पहिल्या १८ गुणांस विकल्प मुळींच नाहीं, आणि ते प्रश्न पुस्तकाच्या कोणत्याही कोपऱ्यांतून येऊं शकतात. शिवाय लहान प्रश्न अधिक असल्यामुळें एखाददुसरें लांबलचक उत्तर घोकून निभाव लागत नाहीं. तात्पर्य, या परीक्षेंत थोडें थोडें परंतु सर्व समजलेलें असणें, हेंच हिताचें.

समजणें म्हणजे काय, हें एका उदाहरणानें सांगतों. वणी तालुक्यांत राजूरकडील चुन्याच्या भट्ट्या तुमच्यापैकीं कांहींनीं पाहिल्या असतील. तेथें चुनखडी तापवून कळीचा चुना करितात व कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो. ही क्रिया किती तापमानास आपोआप घडूं लागेल? प्रमाण स्थितींत एक मोल चुनखडी सुमारें १७८ किलोज्यूल उष्णता शोषून घेते, व एंट्रॉपी दर केल्विनला सुमारें १६० ज्यूलनें वाढते. पहिल्या संख्येस दुसरीनें भागावयाचें. परंतु तत्पूर्वीं किलोज्यूलचे ज्यूल केले पाहिजेत. १,७८,००० ला १६० नें भागिलें असतां सुमारें १,११२ केल्विन, म्हणजे ८३९ अंश सेल्सिअस येतात. जो एकक बदलण्यास विसरतो, त्याचें उत्तर १.१ केल्विन येतें. तें खरें असतें, तर भट्टीस कोळसा कशाला लागला असता? सर्व चुनखडी जमिनींतच विरघळल्यासारखी चुना होऊन गेली असती! ज्यानें भट्टी डोळ्यांपुढें आणिली, त्यास आपली चूक तेथल्या तेथें कळते. ज्यानें केवळ सूत्र पाठ केलें, त्यास ती कळत नाहीं.

तसेंच ज्वारी व कपाशी यांचें. ज्वारीच्या दाण्यांतील स्टार्च आणि बोंडांतील सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच सांखळ्या. एकींत कड्यांची जोडणी अल्फा पद्धतीची, दुसरींत बीटा पद्धतीची. एवढ्याशा फरकानें एक आपलें अन्न होतें व दुसरें आपलें वस्त्र. जैवरेणूंचें प्रकरण वाचतांना ही गोष्ट मनांत असली, म्हणजे सूत्र विसरलें तरी भेद विसरत नाहीं.

आतां आकडेमोडीविषयीं. परीक्षेंत गणकयंत्र नेतां येत नाहीं, लॉगचें कोष्टक मात्र वापरतां येतें. तेव्हां तें पाहण्याचा सराव वर्षाच्या आरंभापासूनच करावा. ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढावयाचा असेल, तर २ चा लॉग ०.३०१० आहे, २ मधून तो वजा केला कीं उत्तर १.६९९. उत्तर लिहितांना सूत्र, किंमती, आकडेमोड व एकक ह्या पायऱ्या क्रमानें मांडाव्या. वेळेचाही हिशेब करावा: एका गुणास अडीच मिनिटें धरलीं, तर १७५ मिनिटें होतात आणि फेरतपासणीस पांच उरतात.

प्रात्यक्षिकाचे ३० गुण कित्येकजण सहज मिळतील असें समजून दुर्लक्षितात. परंतु तेथेंही ‘कां?’ हा प्रश्न विचारावा. पोटॅशियम परमँगनेटनें ऑक्झॅलिक आम्लाचें अनुमापन करतांना द्रावण ऊन करावें लागतें, कारण थंड असतां ती क्रिया मंद चालते. फेरस अमोनियम सल्फेटचें द्रावण मात्र तापवीत नाहींत, कारण हवेंतील प्राणवायूनें तें अधिक लवकर बिघडतें. हें कारण ठाऊक असेल, तर तोंडी परीक्षेंत अडखळण्याचें भय नाहीं.

आमच्या भागांतील मुलांस आणखी एक अडचण असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलास अकरावीपासून रसायनशास्त्राचें पुस्तक इंग्रजींत वाचावें लागतें. अशानें प्रत्येक प्रकरण आधीं आपल्या भाषेंत स्वतःस समजावून सांगावें, नंतर इंग्रजी संज्ञांची वही करून त्या अर्थासह लिहाव्या, आणि शेवटीं इंग्रजींत दोन-तीन वाक्यें रचावीं. हा क्रम उलटा केला, म्हणजे शब्द राहतात व अर्थ हरवतो.

मित्रहो, हें सर्व केवळ गुणांसाठीं नव्हे. २०१७ सालीं आपल्याच जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना अनेकांस विषबाधा झाली व वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर प्राणांस मुकले. उंच वाढलेली कपाशी, अंगावर व तोंडावर पुरेसें आच्छादन नसणें, निरनिराळीं औषधें एकत्र मिसळणें, अशीं कारणें त्या वेळीं पुढें आलीं. द्रावणांच्या प्रकरणांत शिकविली जाणारी संहति येथें जीवन-मरणाची गोष्ट होते. समजा, १५ लिटरच्या पंपांत ३० मिलिलिटर औषध घालावयाचें आहे. म्हणजे लिटरास २ मिलिलिटर, शंभर भागांत ०.२ भाग. त्याऐवजीं अंदाजानें ६० घातलें, तर पीक दुप्पट येत नाहीं. फवारणाऱ्याच्या अंगावर उडणाऱ्या प्रत्येक थेंबांतील विष मात्र दुप्पट होतें. डब्यावरील चिठ्ठी वाचून हा हिशेब आपल्या वडिलांस व काकांस समजावून सांगणारा मुलगा अगर मुलगी घरांत असणें, हें शिक्षणाचें मोठें फळ होय.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, ‘किती पाठ झालें?’ असें पाल्यास विचारूं नये. ‘आज काय शिकलास, तें मला आपल्या भाषेंत सांग,’ असें म्हणावें. आपणांस रसायनशास्त्र येत नसलें तरी चालेल. सांगतांना मूल जेथें अडेल, तेथेंच त्याच्या अभ्यासाची उणीव आहे. आणि ती परीक्षेपूर्वीं दिवाळींतच कळली, तर ती भरून काढण्यास पुष्कळ अवकाश राहतो.