बिब्याचं अक्षर

जळगाव जामोद,
मंगळवार, रात्र

चि. बाळास,


दुपारी तुझ्या आईचा फोन आला. आधी तूर, पाणी, म्हशीचं दूध असं सगळं झालं आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, पोराचे हात भाजल्यावानी झाले. तो म्हणते उन्हानं आलं." तुझ्या हाताचा फोटो तिनं मला पाठवला, तो मी मोठा करून पाहिला. अंगठ्याच्या पेराशी आणि बोटांच्या बेचक्यांत पाण्यानं भरलेले बारीक फोड, कडेची कातडी काळपट. बाळा, उन्हानं बेचक्यांत फोड येत नाहीत. तुला बिबा उतलाय. तो मी कुठेही ओळखीन. का, ते पुढे सांगते.

मग तुझ्या खोलीतल्या मित्राला फोन लावला. त्याच्यावर चिडू नकोस. आठवी-नववीच्या पोरांकडून खरं काढून घेणं हे माझं वीस वर्षांचं काम आहे. बिब्यात सुई खुपसून तो दिव्यावर धरलास, तेल झाकणात पाडलंस, त्यात चुना कालवलास आणि काडीनं धनुष्यावर नाव लिहिलंस. बाणांवरही. वसतिगृहाच्या खोलीत, खिडकी लावून! त्या धुरानं माणसाचं तोंड सुजतं, हे तुला कुणी सांगितलं नाही का?

आता पहिलं काम. डोळ्याला हात लावू नकोस. फोड फोडू नकोस, खाजवू नकोस, खोबरेल लाव, पण तेवढ्यावर भागवू नकोस. उद्याच सरकारी दवाखान्यात जा आणि "बिबा उतला" असं स्वच्छ सांग, ऊन सांगू नकोस. ते धनुष्य नि बाण वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेव. अक्षर पॉलिश पेपरनं घासून काढायचं तर मनातही आणू नकोस, त्याची पूड उडाली तर थेट डोळ्यांत जाईल.

मी डोळा डोळा का करतेय ते तुलाच कळायला हवं. तू दोरी पूर्ण ओढतोस तेव्हा बोटं हनुवटीखाली येतात आणि दोरी नाकाला टेकते. मुठीवरचं ते तेल हाताला, हाताचं दोरीला, दोरीचं तोंडाला. दिवसातून किती वेळा? आणि तुझी सगळी विद्या डोळ्यात आहे रे.

मित्र म्हणाला, मागच्या महिन्यात तू एका बाणावर लिहून पाहिलंस तेव्हा काही झालं नव्हतं, म्हणून धीर आला. बिब्याची खोड हीच आहे. पहिल्या वेळी अंग गप्प बसतं, पण ओळख ठेवतं. दुसऱ्या वेळी थोड्यानंही पेटतं, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून माणसाला वाटतं हे दुसऱ्याच कशाचं आलं. आपल्या जिल्ह्यात गोडंबीसाठी बिबे फोडणाऱ्या बायांचे हात तू पाहिलेत. त्या राख लावून, तेल लावून बसतात, तरी त्यांची बोटं काळी पडून भेगाळतात. त्यांना पोटासाठी करावं लागतं. तुला काय गरज होती?

बिब्याचं अक्षर पक्कं असतं, हे मला मान्य आहे. परीट कपड्यांवर खूण करायला तोच वापरायचे, इंग्रजांनी तर त्याचं नावच खुणेची बी असं ठेवलं. चुना लागला की काळा होतो आणि किती धुतलं तरी जात नाही. पण दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर त्या परीटखुणांखालीच चट्टे उठले होते, डॉक्टरांनी ते लिहून ठेवलंय. धुऊन आलेल्या सदऱ्यावरची एवढीशी खूण! आणि तू तर तो मुठीत धरतोस.

तुला टिकणारी शाई हवी होती तर आत्याला विचारायचं. अर्धं आयुष्य रंग आणि शाईत गेलं माझं. पेनातली निळी शाई घामानं जाते. मार्कर पाण्याला दाद देत नाही, पण त्यात रंग असतो तो उन्हानं विटतो, आणि त्यावर लाखेचं स्पिरिटातलं पॉलिश फिरवलंस की अक्षर विरघळून फराटा होतो, कारण मार्करही स्पिरिटातलाच. बोरूची जुनी शाई काजळाची. काजळ म्हणजे निव्वळ कोळसा, त्याला ऊन काही करत नाही, मात्र ते डिंकात कालवलेलं असल्यानं ओला हात लागला की सुटतं. म्हणून तुला काळी ड्रॉइंगची शाई हवी, जिला आम्ही इंडियन इंक म्हणतो, आणि बाटलीवर पाण्यानं न जाणारी असं लिहिलेलं बघून घ्यायची. तिच्यातही काजळच, पण वाळल्यावर घट्ट धरून बसणारं.

लाकडावर ती थेट लावलीस तर रेषेरेषेतून फुटते, कोळ्याच्या पायांसारखी. आधी बाणाच्या पिसांजवळ दोन बोटं जागेवर पातळ पॉलिशचा एक हात दे, रात्रभर वाळू दे, मग बारीक निबनं लिही, पुन्हा एक दिवस थांब आणि वरून दुसरा पातळ हात. सगळ्या बाणांवर सारखंच, सारख्याच जागी. एकावर जाड आणि एकावर पातळ थर झाला तर बाण सारखे उडायचे नाहीत. धनुष्यावर फक्त मुठीच्या आतल्या बाजूला लिही. बांबूची पाठ, जी निशाणाकडे असते, तिला पॉलिश पेपर नको, खिळ्याची कोर नको, तापल्या तारेचा डाग नको. सगळा ताण त्या सालीवर असतो. तिथं एक धागा तुटला की धनुष्य तिथंच फाटतं.

बाणांवर तू बाबाचं नाव लिहिलंस, असंही कळलं. बाणावर ज्याचा नेम त्याचंच नाव किंवा आद्याक्षरं हवीत, हा स्पर्धेचा नियमच आहे. आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारनं २०२३ मध्ये शांघायला जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. त्याचं धनुष्य वेगळं, बाण कार्बनचे, पण हा नियम त्यालाही आहे. हे लिहिताना मला रागावायचं होतं. पण वसतिगृहातलं पोरगं बाणांवर बापाचं नाव लिहितं, यावर कसं रागवायचं ते मला जमत नाहीये.

ते धनुष्य तुझ्या बाबानं स्वतः तासलंय. भिंगारा गावाकडचा बांबू आणून दोन पावसाळे माळ्यावर वाळवला होता त्यानं. त्याला हा नाद कुठून लागला, ते तुला माहीत आहे. आबांना सातपुड्यातल्या एका माणसानं ज्वारीच्या बदल्यात तीरकमठा दिला होता, तिथून. पण पुढचं तुला कुणी सांगितलं नाही.

तुझ्या बाबाच्या डाव्या डोळ्याखाली जो काळा डाग आहे, तो लहानपणी गोठ्यात पडल्याचा, असं तो सांगतो. तो पडला नव्हता. मी तेव्हा आठवीत, तो चौथीत. दसऱ्याला शाळेत त्याला राम करणार होते. गुरुजींनी सांगितलं होतं की रामाच्या बाणांवर रामाचं नाव असे. मला अक्षर काढायची फार हौस, म्हणून आईच्या डब्यातला बिबा चोरून मी त्याच्या तीरकमठ्यावर आणि पाचही बाणांवर 'राम' लिहिलं. सुंदर आलं होतं. तो रात्री ते उशाशी घेऊन झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दोन्ही डोळे मिटलेले, तोंड घागरीसारखं, ओठ उलटलेले. माझ्या मात्र फक्त बोटांना झालं.

दसऱ्याला दुसराच मुलगा राम झाला. मिरवणूक आपल्या दारावरून गेली तेव्हा तुझा बाबा ओसरीवर बसून विचारत होता, "ताई, आता रावण दिसला का? आता बाण मारला का?" मी सांगत होते आणि रडत होते, त्याला ते दिसत नव्हतं. आबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मीच हात लावला बिब्याला. पुढे डाग राहिला तर गोठ्यात पडल्याचं सांगू लागला. इतक्या वर्षांत एकदाही त्यानं माझं नाव घेतलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. लोक कुणाचं काम बिघडवलं की बिब्बा घातला म्हणतात ना, मी तो खराच घातला होता.

म्हणून फोटो पाहिल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. फोड बोटांवरच आहेत ना? डोळ्याच्या कडेला खाज नाही ना? आईला खोटं सांगितलंस, मला सांगू नकोस.

कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय'च्या शेवटच्या अंकात एक गिधाड मणी पळवतं आणि बाणानं मरतं. बाण राजा पुरूरव्यापुढे आणतात. त्यावर मारणाऱ्याचं नाव असतं, उर्वशी आणि राजा यांचा मुलगा आयुष. आपल्याला मुलगा आहे, हे पुरूरव्याला त्या अक्षरांवरून कळतं. तू लिहायला बसलास की ही गोष्ट आठव. बाणांवर तुझं नाव घाल. मुठीच्या आत, जिथं तुझा तळवा येतो तिथं, बाबाचं राहू दे, शाईनं.

उद्याच्या एसटीनं डबा पाठवतेय. त्यात शाईची बाटली, दोन निब, पॉलिशची लहान बाटली, मऊ फडकं आणि खोबरेल आहे. शाई आत्ता उघडू नकोस, हात बरे झाल्यावर. रविवारी मीच येते, हातमोजे घेऊन. ते धनुष्य आपण दोघं मिळून पाहू, बाबाला तोवर काही कळवू नकोस. त्याला त्या दसऱ्याचं मीच सांगणार आहे.

हे पत्र मिळालं की दोन्ही पंजे उघडे धरून फोटो पाठव. आणि एक चेहऱ्याचा, उजेडात, डोळे उघडे ठेवून.

तुझी,
आत्या