आम्ल जमिनीत स्फुरद जातो कोठे?

कोकणातील जांभ्या दगडापासून बनलेल्या तांबड्या जमिनीत सुपर फॉस्फेट देऊनही भुईमूग किंवा भाजीपाला खुरटलेला राहतो, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. अशा वेळी खताला दोष देण्यापूर्वी जमिनीचा सामू तपासून घ्यावा.

सामू ७ म्हणजे जमीन उदासीन. त्याखाली ती आम्ल होत जाते. सामूतील एका अंकाचा फरक दसपटीचा असतो. ६.५ सामूच्या जमिनीपेक्षा ५.५ सामूच्या जमिनीची आम्लता दहापट असते.

आम्लता का वाढते?

१) कोकणात वर्षाला २५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. निचऱ्याच्या पाण्याबरोबर चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून जातात आणि त्यांची जागा हायड्रोजन व ॲल्युमिनियम घेतात.

२) अमोनियमयुक्त खतांचे जिवाणूंमार्फत नायट्रेट होताना आम्ल तयार होते. १०० किलो अमोनियम सल्फेटमुळे होणारी आम्लता घालविण्यास सुमारे ११० किलो शुद्ध चुनखडी लागते.

३) दरवर्षी पीक व पेंढा शेताबाहेर गेल्याने कॅल्शियम आणखी घटते.

पिकावर परिणाम

सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागतो. मुळांची टोके जाड व आखूड होतात. दिलेला स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी बांधला जातो. तो जमिनीतच असतो, पण पिकाला मिळत नाही.

उपाय

माती परीक्षणातील शिफारशीनुसार चुनखडीची बारीक भुकटी पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे मातीत चांगली मिसळावी. चुनखडीने आम्लता उदासीन होते व ॲल्युमिनियम अविद्राव्य स्वरूपात जातो. जिप्समने मात्र सामू वाढत नाही. चुना व अमोनियमयुक्त खत एकत्र देऊ नये. अमोनिया वायुरूपाने उडून जातो. चुना प्रमाणाबाहेर घातल्यास जस्त व बोरॉनची कमतरता जाणवते.

भातखाचरात पाणी साचून राहिल्यावर सामू आपोआप वाढतो. त्यामुळे भातापेक्षा त्यानंतरच्या भुईमूग, कडधान्ये व भाजीपाल्याला चुन्याचा फायदा अधिक दिसतो. भुईमुगाच्या शेंगा भरण्यासही कॅल्शियम लागते. शेणखत व कंपोस्ट नियमित दिल्यास ॲल्युमिनियमचा उपद्रव कमी होतो.

म्हणून यंदा स्फुरदयुक्त खताची खरेदी करण्यापूर्वी मातीचा नमुना तपासून घ्या. आधी सामू सुधारला, तरच खतावर केलेला खर्च पिकाच्या मुळापर्यंत पोचेल.